राखेत उरलेली आग

(सडक अर्जुनी इथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)



संयोजकांनी फोन करून विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, राख. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, “सर, म्हणजे वैराग्यावर बोलणार का?” म्हटलं, नाही हो, बॉयलरच्या राखेवर. (हशा) माझी सगळी नोकरी तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली, इंजिनिअरिंगचा एक तासही मी कधी केलेला नाही. पण आज आपण जिथे बसलोय तिथे धान पिकतं, धान भरडलं जातं, आणि धानाच्या तुसावर भट्ट्या पेटतात. बाहेर हमरस्त्यावर पाच मिनिटं उभे राहा. जाळी लावलेला, दोन्ही अंगांनी फुगलेला, तुसानं भरलेला एखादा ट्रक कोहमाऱ्याच्या फाट्याकडे जाताना दिसेलच. गोंदियाला लोक राइस सिटी म्हणतात. तांदळाचा इतिहास सगळे सांगतात, राखेचा कोणी सांगत नाही, म्हणून म्हटलं आपण सांगू.

टेबलावर मी दोन पुड्या आणल्या आहेत. एकीत काळी राख आहे, दुसरीत करडी-पांढरी. दोन्ही धानाच्या तुसाचीच. एक नीट न जळलेली, दुसरी जवळजवळ पूर्ण जळलेली. आजचं सगळं बोलणं या दोन पुड्यांमधल्या अंतराबद्दल आहे.

माझी या अंतराशी ओळख पुस्तकातून झाली नाही. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. आमच्या गावाबाहेर एक भात गिरणी होती. तिच्या मागच्या बाजूला राखेचा ढीग पडलेला असायचा, आम्हा पोरांच्या कमरेएवढा उंच. वरून करडा, मऊ, थंड. धूर नाही, ज्वाळा नाही. एका संध्याकाळी माझा एक सवंगडी त्यावर उडी मारून चढला आणि गुडघ्यापर्यंत आत गेला. वरचा चार बोटांचा थर विझलेला होता, आत इंगळ होता. तो वाचला, पण त्याचे दोन्ही पाय पुढे कधी सरळ झाले नाहीत. गिरणीवाल्यांनी दुसऱ्या दिवशी ढिगाभोवती दोन बांबू आडवे बांधले. तेवढंच. पोरांनी तिथे जायचंच कशाला, असं सगळ्यांचं मत पडलं, आमच्या घरच्यांचंसुद्धा.

पुढे न्यायशास्त्र शिकवायला लागलो. त्यातलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण तुम्हाला माहीत असेल: डोंगरावर धूर दिसतो, म्हणजे तिथे आग असली पाहिजे. हे अनुमान पक्कं. पण नैयायिक लगेच बजावतात की याचं उलट करू नका. आग आहे म्हणजे धूर असणारच, असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धूर यायला ओलं सरपण लागतं. ‘ओल्या सरपणाशी संयोग’ ही त्यांनी नोंदवलेली अट आहे, त्यांच्या भाषेत उपाधी. आता माझ्या सवंगड्यानं काय केलं? धूर नाही म्हणून आग नाही, असं अनुमान केलं. तर्कशास्त्राच्या पेपरात या चुकीला मी दोन मार्क कापायचो. दरवर्षी हा भाग शिकवताना मला तो ढीग आठवायचा.

त्या ढिगात आग का होती? कारण त्यात इंधन शिल्लक होतं. राख म्हणजे जळून संपलेली वस्तू, असं आपण धरून चालतो. बहुतेक राख तशी नसते. तिच्यात कोळसा राहतो, शास्त्रीय भाषेत न जळलेला कार्बन. बॉयलरवरची माणसं त्याला सरळ ‘अनबर्न’ म्हणतात. राखेत अनबर्न किती, हा प्रश्न आज प्रत्येक बॉयलरवाल्याला विचारला जातो. माझा मुद्दा असा आहे की हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला, आणि उशीर होण्याचं कारण भट्टीत नव्हतं, हिशेबाच्या वहीत होतं. तूस फुकट होतं तोवर त्यातलं किती वाया जातं हे कोण मोजणार?

जरा मागे जाऊ. घरी उखळात धान कांडलं जायचं तेव्हा तूस सुपानं पाखडून वेगळं व्हायचं आणि परड्यात पडायचं. थोडं चुलीत, थोडं भुशाच्या शेगडीत. ती शेगडी आता तरुणांना ठाऊक नसेल. पत्र्याच्या डब्याच्या मध्ये बाटली उभी धरायची, भोवती भुसा ठासून भरायचा, मग बाटली अलगद काढून घ्यायची. मध्ये जे भोक राहतं त्यातून हवा खेळते, आणि शेगडी तासन् तास धुमसते. आई तिच्यावर दूध तापत ठेवायची. तुसाची काळी राख दात घासायला राखुंडी म्हणून, भांडी घासायला, आणि धानाच्या पऱ्ह्यांच्या वाफ्यात माती मोकळी राहावी म्हणून. काळी राख तिथे वाया गेलेली वस्तू नव्हती. हे लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला याकडे परत यायचं आहे.

मग हलर आला. हलर हे लोखंडी यंत्र तूस आणि कोंडा एकत्रच भरडून बाहेर टाकतं. तो मिश्र भुसा ढोरांना जातो, नाहीतर उकिरड्यावर. शुद्ध तूस वेगळं हाती येतं ते शेलरमध्ये, पुढे रबरी रोलरच्या शेलरमध्ये. १९५८ साली केंद्र सरकारनं भात गिरण्यांच्या नियमनाचा कायदा केला. सत्तरच्या दशकात गिरण्यांनी हलर सोडून आधुनिक यंत्रं बसवावीत असा सरकारी आग्रह सुरू झाला. त्यामागचा हेतू तांदळाचा उतारा वाढावा, कणी कमी पडावी, कोंड्यातून तेल काढता यावं, हा होता. तुसाचा विचार त्यात फारसा नव्हता. पण परिणाम असा झाला की गिरणीच्या मागे स्वच्छ, कोरडं, एकसारखं तूस ढिगानं पडायला लागलं. धानाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूस असतं. शंभर क्विंटल धान भरडलं की वीस क्विंटल तूस. ठेवायचं कुठे?

मोठ्या गिरण्यांनी ते पूर्वीपासून जाळलं होतंच. ब्रह्मदेशातल्या, रंगूनच्या वाफेवरच्या गिरण्या एकोणिसाव्या शतकात स्वतःच्याच तुसावर चालत. आपल्याकडेही उसना तांदूळ करणाऱ्यांना, म्हणजे धान भिजवून वाफवून मग भरडणाऱ्यांना, वाफ लागते. ती तुसातून मिळते. भट्टी पायऱ्यांच्या जाळीची. वरून तूस टाकायचं, ते जळत जळत पायऱ्या उतरतं, खाली राख पडते. ही राख काळी कुळकुळीत. कोणाला फिकीर नव्हती, कारण आणखी तूस दारात पडलेलंच होतं. उलट जितकं जळेल तितकं बरं, ढीग तरी कमी होईल.

आता थोडं गणित करू. घाबरू नका, पाढे येत असतील तर जमेल.

तुसात खनिज राख असते शंभरात सुमारे अठरा. लाकडात ती एक-दोन असते, म्हणून तूस वेगळं. एक किलो तुसातून सुमारे ३,२०० किलोकॅलरी उष्णता मिळते असं धरा. शुद्ध कार्बनच्या किलोतून सुमारे ८,०८० मिळते. समजा राख तपासली आणि तिच्यात १० टक्के कार्बन निघाला. म्हणजे शंभर किलो तुसामागे १८ किलो खनिज आणि २ किलो कार्बन, मिळून २० किलो राख. दोन किलो कार्बनची उष्णता १६,१६०. शंभर किलो तुसाची ३,२०,०००. तूट पाच टक्के. राखेत कार्बन २५ टक्के असेल, तर हाच हिशेब पंधरा टक्क्यांवर जातो. तासाला एक टन तूस जाळणारा बॉयलर घ्या. राखेत १० टक्के कार्बन म्हणजे तासाला ५० किलो तूस, दिवसरात्र चालला तर रोजचं बारा क्विंटल तूस, जाळूनही न जाळल्यासारखं.

हेच गणित दगडी कोळशाला लावून बघा, आणखी एक गोष्ट दिसते. परदेशातल्या चांगल्या कोळशात राख दहा टक्के, उष्णता ६,५०० धरा. राखेत १० टक्के कार्बन राहिला तर तूट दीड टक्क्याच्या आत. आपल्याकडच्या हलक्या कोळशात राख चाळीस टक्के, उष्णता ४,०००. राखेत तोच १० टक्के कार्बन, आणि तूट नऊ टक्के! आकडा सारखा, नुकसान सहापट. ज्या इंधनात राख जास्त, तिथे राखेतला प्रत्येक टक्का महाग. म्हणून तिकडच्या पुस्तकातला ‘ठीक आहे’ हा शेरा इकडे चालत नाही. आमच्या विद्याशाखेतसुद्धा आयात शेऱ्यांचा त्रास बराच आहे, पण तो आजचा विषय नाही.

आता फ्लुइडाइज्ड बेड म्हणजे काय? ओव्याएवढ्या वाळूचा किंवा भाजलेल्या विटेच्या चुऱ्याचा फूटभर थर डोळ्यांपुढे आणा. खालून शेकडो छोट्या नोझलमधून जोरात हवा सोडली. हवा कमी असेल तर ती वाळूतून नुसती निघून जाते. थोडी वाढवली की एका क्षणी वाळूचा कण न् कण सुटा होतो, आणि सगळा थर आधण आलेल्या भातासारखा खदखदायला लागतो. घन असून पाण्यासारखा वागतो. तो थर आठशे-नऊशे अंशांपर्यंत तापवायचा आणि त्यात इंधन टाकायचं. वाळू कायम तापलेली, कायम हलती. त्यात ओलं, हलकं, राखट, कसलंही इंधन पेट घेतं, कारण चहूबाजूंनी गरम वाळू त्याला घासत असते.

ही युक्ती जर्मनीत बीएएसएफ कंपनीच्या फ्रिट्झ विंकलर यांना सापडली. तारीख १६ डिसेंबर १९२१. कोक भरलेल्या मुशीत त्यांनी खालून वायू सोडला आणि कोकचा थर उकळल्यासारखा हलताना पाहिला. १९२२ साली पेटंटचा अर्ज, आणि १९२६ साली लॉयना इथे पहिली मोठी भट्टी, पण ती जाळण्यासाठी नव्हती, कोळशापासून वायू करण्यासाठी होती. आपला आजचा प्रश्न अगदी त्या पहिल्या भट्टीपासूनच आहे. बारीक कोळसा वायूबरोबर उडून जायचा आणि धुळीत कार्बन राहायचा. त्यावर उपाय निघाला तो असा की थराच्या वरच्या मोकळ्या जागेत पुन्हा थोडी हवा किंवा ऑक्सिजन सोडायचा, म्हणजे उडालेले कण जाता जाता जळतील. शंभर वर्षं होत आली, आज आपल्या भागातल्या बॉयलरवर ‘ओव्हर फायर एअर’ म्हणून जी नळी असते तिचं काम हेच.

वाफेसाठी ही पद्धत यायला बराच वेळ गेला. इंग्लंडमध्ये साठच्या दशकात डग्लस एलियट यांनी तिचा पाठपुरावा केला. तापलेल्या थरातच पाण्याच्या नळ्या बुडवायच्या, म्हणजे बॉयलर लहान होतो. तापमान नऊशेच्या आत, म्हणून राख वितळत नाही. थरात चुनखडी टाकली की गंधकही पकडला जातो. सगळं छान. पण गंमत इथेच आहे. वीजकेंद्रातला पिठासारखा दळलेला कोळसा तेराशे-चौदाशे अंशांत उडतो आणि एक-दोन सेकंदांत जळतो. इथे तापमान मुद्दाम कमी ठेवलेलं, म्हणून बारीक कण सावकाश जळतात, आणि त्याच वेळी वर जाणारी हवा त्यांना थांबू देत नाही. ज्या गुणासाठी ही भट्टी आणली तोच गुण राखेत कार्बन ठेवतो.

अमेरिकेनं यावर एक धीट प्रयोग केला. वेस्ट व्हर्जिनियात रिव्हजव्हिल इथे १९७६ साली ३० मेगावॅटचा फ्लुइडाइज्ड बेड बॉयलर सुरू झाला. त्यात एक कप्पा फक्त राख पुन्हा जाळण्यासाठी होता. उडालेली राख गोळा करायची आणि जास्त तापलेल्या त्या कप्प्यात टाकायची. कल्पना सरळ होती, पण राख वाहून नेणं, कप्प्यांमध्ये वाटून देणं, सगळं किचकट होऊन बसलं. तो बॉयलर फार काळ टिकला नाही. जास्त टिकाऊ उत्तर जर्मनी आणि फिनलंडमधून आलं. कण उडतात ना, मग उडू द्या. हवेचा वेग इतका वाढवा की सगळाच थर उडेल, पुढे सायक्लोनमध्ये तो पकडा आणि पुन्हा तळाशी आणा. एका फेरीत नाही जळला तर पुढच्या फेरीत जळेल. याला सर्क्युलेटिंग बेड म्हणतात. फिनलंडच्या आल्श्ट्रोम कंपनीनं १९७९ साली पिहलावा इथे असा बॉयलर उभा केला.

आपल्याकडे भेलनं सत्तरच्या दशकात तिरुचिरापल्लीला यावर काम सुरू केलं. झरियाजवळ जामाडोबा इथे टाटांच्या कोळसा धुण्यातून निघणारा टाकाऊ माल जाळायला हेच तंत्र वापरलं गेलं. १९७३ च्या तेलाच्या भडक्यानंतर भट्टीच्या तेलाचे दर परवडेनासे झाले आणि लहान कारखानदार तूस, बगॅस, शेंगांची टरफलं यांच्याकडे वळले. पुण्याची थरमॅक्स, जी १९६६ साली वॉन्सन इंडिया म्हणून सुरू झाली आणि १९८० पासून या नावानं ओळखली जाते, तिच्यासारख्या कंपन्यांनी तुसावरचे बेड बॉयलर बाजारात आणले. आणि तेव्हा तुसाला गिऱ्हाईक मिळालं! काल जे उचलून न्यायला पैसे द्यावे लागत, ते विकलं जायला लागलं. वजनकाटा आला, पावती आली, ओलाव्यावरून घासाघीस आली. मग कुठे मालकानं राखेकडे पाहिलं.

कायदाही याच क्रमानं चालला, बघा. १९२३ चा बॉयलर कायदा स्फोट होऊ नये म्हणून. १९८१ चा हवेच्या प्रदूषणाचा कायदा चिमणीतून बाहेर काय पडतं यासाठी. २००१ चा ऊर्जा संवर्धनाचा कायदा इंधन वाया जाऊ नये म्हणून. आधी जीव, मग शेजारी, मग पैसा, असा क्रम दिसतो खरा. पण ढिगात पाय भाजलेला पोरगा यातल्या कुठल्याच कायद्यात नीट बसत नाही. तो बॉयलरच्या बाहेर भाजला, धुरानं नाही भाजला, आणि त्याच्या भाजण्यानं इंधन वाचलं नाही.

प्रत्यक्ष राखेतला कार्बन कमी कसा करतात, हे मला माझ्या एका विद्यार्थ्यानं शिकवलं. तर्कशास्त्रात तो माझ्याकडे दोनदा नापास झाला. मग बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट काढलं, आणि आता उसन्याच्या गिरणीत शिफ्ट सांभाळतो. त्यानं मला खिडकीच्या काचेतून बेड दाखवला आणि विचारलं, “सर, राख काळी येतेय. काय करू?” मी म्हटलं, हवा वाढव. जळायला हवा लागते, हे तर पोरालाही कळतं. तो हसला. “सगळे मालक हेच सांगतात.”

खालची हवा वाढवली की तूस उडतं. ते वाळूपेक्षा कितीतरी हलकं. बेडमध्ये घासलं जाण्याआधीच चिमणीच्या वाटेला लागतं, आणि राख आणखी काळी येते. शिवाय जास्तीची थंड हवा बेडचं तापमान पाडते. त्यानं खालचा ब्लोअर थोडा कमी केला, वरच्या बाजूची हवा थोडी उघडली. धुरातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र त्याच्याकडे होतं. तो आकडा पाच-सहाच्या आसपास आला की तो हात थांबवतो. अर्ध्या तासानं राख करडी. उपाधी ओळखल्याशिवाय हेतू लावू नये, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो. त्याला ते ब्लोअरच्या डॅम्परवर कळलं होतं.

तुसाची एक वेगळी खोड आहे. तुसात सिलिका फार, राखेत ती दहात नऊ भाग भरते. तूस जळलं तरी सिलिकेचा सांगाडा तसाच राहतो. राखेचा कण हातात धरलात तर छोट्या होडीसारखा दिसेल, तुसाचाच आकार. कार्बन त्या सांगाड्याच्या आत अडकलेला असतो, हवा पोचत नाही. जाळीच्या भट्टीत तो तसाच राहतो. बेडमध्ये वाळू घासते, सांगाडा फुटतो, आतलं उघडं पडतं. म्हणून तुसाला हा बेड मानवला. पण त्यासाठी तुसाला बेडमध्ये थोडा वेळ थांबायला मिळालं पाहिजे. पुन्हा तोच वेगाचा प्रश्न.

आणि सर्वांत मोठं कारण, तो म्हणाला, बॉयलरमध्ये नाहीच. उसन्याच्या गिरणीत धान वाफवायच्या टाक्या असतात. तीन टाक्यांना एकदम वाफ उघडली की दाब झपकन खाली येतो. अटेंडंट घाबरून तूस लोटतो, बेड गार पडतो, आणि तासभर काळी राख निघते. मग दाब चढतो, तूस बंद, पुन्हा टाक्या उघडतात. दिवसभर हे असं. त्यानं मुकादमाला सांगून टाक्या पाळीपाळीनं उघडायची व्यवस्था केली. पंखा नवा नाही, नळी नवी नाही, एका फळ्यावर खडूनं वेळापत्रक. त्यानंतर पावसाळ्यात तुसावर छप्पर हवं म्हणून त्यानं मालकाशी वर्षभर वाद घातला. तेही झालं. ओलं सरपण, नैयायिकांची उपाधी, इथेही हजर होतीच.

आता कोणी म्हणेल, मग तापमान चढवा, सगळा कार्बन जाळून टाका, राख पांढरीशुभ्र काढा. इथे थांबायला हवं. तुसातल्या पोटॅशमुळे तापमान फार चढलं की वाळू चिकटायला लागते, बेडचा दगड होतो, बॉयलर बंद करून घण घेऊन आत उतरावं लागतं. पण त्याहून गंभीर गोष्ट सिलिकेची आहे. सातशे अंशांच्या आसपास जळलेल्या राखेतली सिलिका काचेसारखी, अस्ताव्यस्त रचनेची असते. ती सिमेंटमधल्या चुन्याशी संयोग पावते. कॅलिफोर्नियात बर्कले इथे पी. कुमार मेहता यांनी सत्तरच्या दशकात या राखेवर मोठं काम केलं. आपल्या काँक्रीटच्या मानकात, आयएस ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत, भाताच्या तुसाच्या राखेला जागा आहे. पण आठशेच्या बऱ्याच वर, फार वेळ तापवली तर तीच सिलिका स्फटिक होते, क्रिस्टोबलाइट. ती सिमेंटच्या कामाची राहत नाही, आणि तिची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९७ साली तिला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. म्हणजे काळ्या राखेनं पाय भाजतो, आणि अति पांढऱ्या राखेची धूळ पोत्यात भरणाऱ्याच्या छातीत जाते. त्या माणसाच्या तोंडाला बहुतेक ठिकाणी गमछा असतो. गमछा या धुळीला पुरत नाही.

राखेला दुसऱ्यांदा किंमत आली ती सिमेंटमुळे. १४ सप्टेंबर १९९९ रोजी केंद्राच्या पर्यावरण खात्यानं औष्णिक केंद्रांची राख विटा आणि बांधकामात वापरण्याबद्दल अधिसूचना काढली. त्याच वर्षी १ मे रोजी आपला गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला होता. तिकडे फ्लाय ॲशच्या मानकात, आयएस ३८१२ मध्ये, राख तापवल्यावर वजनात येणारी घट १९८१ साली १२ टक्क्यांपर्यंत चालत असे, २००३ साली ती ५ टक्क्यांवर आणली गेली. ही घट म्हणजे मुख्यतः कार्बन. काँक्रीटमध्ये कार्बन पाणी पितो आणि रसायनं शोषतो. पूर्वी राख काळी असेल तर मालकाची तूट चुपचाप व्हायची. आता गिऱ्हाईक ती मोजून परत पाठवतं. उलट पोलाद कारखान्यात वितळलेल्या पोलादावर उष्णता टिकवायला तुसाची राख पसरतात, तिथे थोडा कार्बन खपून जातो. आणि पऱ्ह्यांच्या वाफ्याला अजून काळीच चालते. आईची राखुंडीही काळीच असायची. किती जाळायचं हे बॉयलर एकटा ठरवत नाही, राख पुढे कुठे जाणार यावरही ते ठरतं.

माझ्या विद्यार्थ्याच्या गिरणीत आता ढीग घालत नाहीत. राख निघते तिथेच पाणी मारून, थंड करून, झाकलेल्या ट्रॉलीत भरतात. हे करायला कुठलं नवं तंत्रज्ञान लागलं नाही, १९६० सालीही करता आलं असतं. पण सगळीकडे असं नाही. हमरस्त्याच्या कडेला, नाल्याच्या काठाला राख ओतून जाणारे ट्रॅक्टर मी परवाच पाहिले. ढोरं त्यावर ऊब घ्यायला बसतात.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत कोणी काम करत असेल तर एक करता येईल. वेगवेगळ्या गिरण्यांची राख आणा. आधी ती १०५ अंशांवर वाळवा, नाहीतर ओलावाच कार्बन म्हणून मोजाल. मग एक ग्रॅम मुशीत घालून साडेसातशे अंशांच्या भट्टीत ठेवा, थंड करा, पुन्हा तोला. वजन घटलं तेवढा साधारण कार्बन. दर महिन्याला एकदा, वर्षभर. उसन्याच्या हंगामात आणि पावसाळ्यात आकडा कसा हलतो ते तुम्हालाच दिसेल, आणि गिरणीवालेही मग विचारायला येतील, आमचा किती?

मी बराच वेळ घेतला. या दोन पुड्या इथेच ठेवून जातोय, ज्यांना बघायच्या त्यांनी पुढे या. काळी बोटात चोळून बघा, होडीसारखे कण दिसतील. पांढरी फक्त लांबून बघा, आणि तिच्यावर फुंकर मारू नका.